रात्री डॉक्टरांना फोनवर नेमकं किती आणि काय सांगावं? (मदत हवी आहे)

नवी_सिस्टर:
जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून एका खाजगी हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डला लागले आहे. हातचं काम जमतं, बोलताना गाडी अडते. रात्री कन्सल्टंटना फोन लावला की मी पेशंट अ‍ॅडमिट झाला तिथपासून सुरुवात करते आणि पलीकडून "सिस्टर, झालंय काय ते सांगा" असं येतं. मग उरलंसुरलंही आठवत नाही. डिस्चार्जला उलटा प्रकार. नातेवाईक माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी गोळ्या कशा द्यायच्या म्हणून फोन करतात. नोट्सवरूनही इन्चार्ज सिस्टर बोलतात. इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावू का?

निवृत्त_मेट्रन:
क्लासचे पैसे वाचव गं. तुझा क्रम चुकतोय, तो कुठल्याही भाषेत चुकेल. 'एसबार' शिकून घे: सिच्युएशन (आत्ता काय झालंय), बॅकग्राउंड (आधीचं काय), असेसमेंट (तुला काय वाटतं), रेकमेंडेशन (काय करायला हवं). ही पद्धत अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरून दवाखान्यात आली. फोन असा व्हायला हवा:

"सर, सर्जिकल वॉर्डमधून बोलतेय. पाटील आजोबांचं बीपी ८८/५६, पल्स १२४. काल दुपारी हार्नियाचं ऑपरेशन झालंय. चार तासांत युरिन फक्त ४० मिली, ड्रेसिंग भिजलंय. मला ब्लीडिंगची शंका येतेय. तुम्ही लगेच येऊन बघाल का? तोवर काय सुरू करू?"

अर्ध्या मिनिटात संपतं. शेवटची दोन वाक्यं नव्या मुली गाळतात, 'आपण कसं सांगायचं' म्हणून. सांगायचं! फोन लावण्याआधी केसपेपर आणि ताजे व्हायटल्स (बीपी, पल्स, ताप वगैरे) समोर हवेत, अ‍ॅलर्जी माहीत हवी. बेड नंबरावर भिस्त ठेवू नकोस, बेड बदलतात, नाव सांग. तोंडी ऑर्डर मिळाली की लिही आणि त्यांना वाचून दाखव. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून "एक पाच" असं सुटं म्हणायचं.

नोट्समध्ये 'पेशंट बरा आहे' याला काडीचा अर्थ नाही. 'रात्री २.१० बीपी ८८/५६, २.१५ ला डॉक्टरांना कळवलं, अमुक ऑर्डर मिळाली' असं लिही. उद्या काही वाकडं झालं तर तो कागदच तुझ्या बाजूने बोलेल.

वॉर्डातला_आरएमओ:
मेट्रनबाईंना अनुमोदन. (झोपेतून उठवलेले आम्ही डॉक्टर जरा तुसडे असतो, मनावर घेऊ नका. पण शंका असली तर फोन कराच.)

डिस्चार्जबद्दल: "कळलं ना?" विचारूच नका, त्याला उत्तर कायम 'हो'. त्याऐवजी "घरी गेल्यावर सूनबाईंना गोळ्या कशा सांगाल, मला सांगून बघा" म्हणा. लगेच कळतं कुठे गडबड आहे. कार्डावरचं १-०-१ आपल्याला पाठ असतं, पण मधलं शून्य म्हणजे दुपारी गोळी नाही हे कुणी सांगितलेलं नसतं. इन्सुलिनचं तर फारच जपा. 'जेवणाआधी' एवढंच सांगितलं की काही आज्या इंजेक्शन घेऊन पूजेला बसतात आणि तासाभराने जेवतात, तोवर साखर उतरलेली असते. "सुई घेतल्यावर जेवण लांबवायचं नाही" असं सांगा. एका वेळी तीनच गोष्टी, आणि ताप, जखमेतून पू, उलट्या झाल्या तर कुठे फोन करायचा ते मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून द्या.

नवी_सिस्टर:
मेट्रनताई, सर, खूप आभार. एसबारचा कागद फोनशेजारी चिकटवते. अजून एक विचारू? सकाळी ड्युटी बदलताना पेशंटची माहिती देतो, त्या हँडओव्हरलाही हाच क्रम चालेल का? अख्खा वॉर्ड असतो आणि डे ड्युटीच्या सिस्टर घाईत असतात.

निवृत्त_मेट्रन:
चालेल, पण सगळ्यांसाठी नको. गंभीर पेशंट आधी, बेडपाशी उभं राहून, पूर्ण एसबार. बाकीच्यांचं रात्रीत काय बदललं आणि काय करायचं राहिलं, एवढंच.