मदत हवी आहे: एसक्यूएल सर्व्हरमधला व्हाइल लूप दूध बिलातून जादा कपात करतोय

नमस्कार मंडळी,

मी एका दूध संस्थेचा हिशेबाचा प्रोग्रॅम सांभाळते. डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर 2016. दर दहा दिवसांनी सभासदाचं बिल निघतं आणि त्यातून पशुखाद्य, औषधोपचार, अॅडव्हान्स अशी मागची येणी कापली जातात, सगळ्यात जुनं आधी. उरेल ते सभासदाच्या खात्यावर जातं. हे काम करणारी स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेला प्रोग्रॅम) माझ्या आधीपासूनची आहे. तिच्यातला लूप (अट खरी असेपर्यंत पुन्हापुन्हा चालणारा भाग) थोडक्यात असा:

व्हाइल @शिल्लक > 0
बिगिन
सिलेक्ट टॉप 1 @नोंद = आयडी, @बाकी = बाकी फ्रॉम येणी व्हेअर सभासद = @सभासद अँड बाकी > 0 ऑर्डर बाय तारीख
सेट @कपात = केस व्हेन @बाकी < @शिल्लक देन @बाकी एल्स @शिल्लक एंड
अपडेट येणी सेट बाकी = बाकी - @कपात व्हेअर आयडी = @नोंद
सेट @शिल्लक = @शिल्लक - @कपात
एंड

ज्यांची येणी बिलापेक्षा जास्त, त्यांचा हिशेब पैशापैशाने जुळतो. येणी कमी असली की बिघडतं. एका सभासदाचं बिल 4,200, खाद्याचे 1,500, औषधाचे 900. हातात 1,800 यायला हवे होते, आले शून्य. आणि औषधाच्या नोंदीत बाकी दिसते उणे 1,800.

सहकाऱ्याने सुचवलं म्हणून टेस्ट डेटाबेसवर सिलेक्टऐवजी 'सेट @बाकी = (सिलेक्ट...)' असं करून पाहिलं, @नोंदसाठीही तसंच. उणे बाकी गेली, पण हातात तरीही शून्यच! या पैशांवर लोकांचा किराणा आणि पोरांची फी चालते, त्यामुळे पुढच्या बिलाआधी हे नीट व्हायलाच हवं. शिल्लक आहे तोपर्यंत कापत राहा, ही अट मला तरी बरोबर वाटते. मग चुकतंय कुठे?

प्रतिसाद 1

ताई, अट अर्धीच आहे. पैसे संपले की थांब एवढं लूपला सांगितलंय, येणी संपली की थांब हे कुणीच सांगितलेलं नाही.

तुमच्याच आकड्यांवर चालवून बघा. पहिल्या फेरीत 1,500 गेले, शिल्लक 2,700. दुसऱ्या फेरीत 900 गेले, शिल्लक 1,800. तिसऱ्या फेरीत सिलेक्टला एकही रो (टेबलातली नोंद) सापडत नाही. अशा वेळी 'सिलेक्ट @बाकी = ...' व्हेरिएबलला हातच लावत नाही, आधीची किंमत तशीच राहते. म्हणून @नोंद अजून औषधाचीच आणि @बाकी अजून 900. ते पुन्हा कापले, चौथ्या फेरीत आणखी एकदा कापले, आणि शिल्लक शून्य झाली तेव्हा कुठे लूप थांबला. उणे 1,800 तिथून आले.

सेट केल्यावर वेगळंच घडतं. रो नसली की सेट व्हेरिएबलमध्ये नल (म्हणजे 'किंमतच नाही') टाकतो. नलशी केलेली तुलना खरीही नसते आणि खोटीही नसते, म्हणून केस सरळ एल्सवर जातो आणि कपात म्हणजे अख्खी शिल्लक होते. अपडेटला नल आयडीची नोंद मिळत नाही, म्हणून टेबलात काहीच बदलत नाही, पण शिल्लक मात्र शून्य. हे मला पहिल्यापेक्षा जास्त घातक वाटतं, कारण उणे बाकी निदान डोळ्यांना दिसत तरी होती.

उपाय एका ओळीचा: सिलेक्टच्या लगेच खाली 'इफ @@रोकाउंट = 0 ब्रेक'. रोकाउंट म्हणजे आधीच्या आदेशाला किती रो मिळाल्या तो आकडा, ब्रेक म्हणजे लूपमधून बाहेर पडा. लगेच म्हणजे अगदी लगेच. मध्ये साधं एक सेट आलं तरी रोकाउंट 1 होऊन बसतो. आणि संपूर्ण बिल एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये ठेवा, मध्येच काही अडलं तर अर्धी कपात मागे राहायला नको.

प्रतिसाद 2

वरचं निदान अचूक आहे. तरी माझं मत असं की इथे लूपच नको. प्रत्येक येण्याच्या आधी त्या सभासदाची किती रकमेची येणी आहेत एवढं कळलं की कपात ठरते: बिलातून ती आधीची बेरीज वजा करा, उणे आलं तर शून्य धरा, आणि हा आकडा व त्या येण्याची बाकी यांतलं जे लहान ती कपात. आधीची बेरीज विंडो फंक्शन (प्रत्येक रोसाठी तिच्या आजूबाजूच्या रोंचा हिशेब करणारं) देतं, सम आणि ओव्हर, त्यात पार्टिशन बाय सभासद, ऑर्डर बाय तारीख, आयडी. ही सोय एसक्यूएल सर्व्हर 2012 पासून आहे, तुमच्याकडे चालेल. सगळ्यांत लहान आकडा निवडणारं लीस्ट फंक्शन 2022 मध्ये आलं, तुम्हाला केसच लिहावा लागेल.

एक जागा जपा. 'रोज बिटवीन अनबाउंडेड प्रिसीडिंग अँड 1 प्रिसीडिंग' हे स्पष्ट लिहा. ते न लिहिता फक्त ऑर्डर बाय तारीख दिलं, तर सर्व्हर रेंज धरतो आणि एकाच तारखेच्या सगळ्या रो एकत्र मोजतो. एका दिवशी 400 आणि 300 च्या दोन नोंदी असतील तर दोन्हींची बेरीज 700 च दिसेल. पहिल्या रोला आधीची बेरीज नल येते, तिला इझनलने शून्य करून घ्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ब्रेक टाकून टेस्टवर चालवलं, 1,800 बरोबर आले. दुसरा मार्ग मला जास्त आवडला, पण एक अडचण आहे. अॅडव्हान्सचा हप्ता पूर्ण निघत असेल तरच कापायचा असा संस्थेचा नियम आहे. निघत नसेल तर तो सोडून पुढचं येणं बघायचं. हे बेरजेत कसं बसवू?

प्रतिसाद 2

मग बसणार नाही, माझा आग्रह मागे घेतो. शिल्लक 1,000, हप्ता 1,200, पुढचं खाद्य 800, असं समजा. हप्ता सोडला तर खाद्य पूर्ण निघतं आणि 200 उरतात. आधीची बेरीज मात्र तो न कापलेला हप्ताही धरणार आणि खाद्याच्या वाट्याला शून्य दाखवणार. पुढच्या रोचा निर्णय मागच्या रोचं काय झालं यावर अवलंबून असेल, तिथे लूपच योग्य.

फक्त तो सभासदागणिक फिरवू नका. रो नंबरने प्रत्येकाच्या येण्यांना 1, 2, 3 असा क्रम देऊन टेम्पररी टेबलात ठेवा. मग 'व्हाइल @क्रम <= @कमाल'. एका फेरीत सगळ्या सभासदांचं त्या क्रमाचं येणं एकाच अपडेटमध्ये कापा, दुसऱ्या अपडेटमध्ये त्यांची शिल्लक कमी करा, शेवटी क्रम एकने वाढवा. सभासद हजारो असले तरी कुणाची बाराच्या वर येणी नसतील तर फेऱ्याही बाराच्या वर जाणार नाहीत. शिवाय क्रम दर फेरीला वाढतोच, म्हणून लूप अडकून बसायची भीती नाही.

प्रतिसाद 1

याला पूर्ण अनुमोदन. 'बाकी' या कॉलमवर 'चेक बाकी >= 0' असा कन्स्ट्रेंटही (डेटाबेस मोडू देत नाही असा नियम) लावा. पण त्याआधी सध्याच्या उणे नोंदींची यादी काढून ठेवा. त्या असताना कन्स्ट्रेंट लागणार नाही, आणि ज्यांचे जादा पैसे कापले गेले ते सभासद त्याच यादीत सापडतील.

धागाकर्ती

यादी आत्ताच काढली आणि सचिवांकडे दिली. फरकाची रक्कम पुढच्या बिलात वेगळ्या ओळीत दाखवून परत करायचं ठरलंय. क्रमाचा लूप आज रात्री टेस्टवर लिहिते. हप्त्याच्या अटीत अडलं तर इथेच विचारेन.