डेशियन संपले, नाव उरलं. ते आता कोणाचं?

तिरका_डोळा (धागाकर्ता)

रोमानियाच्या राष्ट्रगीतात ट्रेजन या रोमन सम्राटाचं नाव छाती फुगवून घेतलं आहे. त्याच देशाच्या घरच्या मोटारीचं नाव मात्र दाचिया, म्हणजे रोमानियनमध्ये डेशिया. म्हणजे ज्याने डेशिया बुडवला त्याचं गाणं, आणि जे बुडाले त्यांची गाडी! मला हे ढोंग वाटतं.

विषय नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. डॅन्यूबच्या उत्तरेला, कार्पेथियन डोंगरात डेशियन लोक राहायचे. बाल्कनमधल्या थ्रेशियनांचे भाऊबंद. (लॅटिन उच्चार ‘डाकिया’. पोस्टमन आठवला तर दोष माझा नाही.) राजधानी सार्मिझेगेतुसा, ऐन डोंगरात. शेवटचा राजा डेसिबलस भलताच चिवट. इ.स. ८९ मध्ये रोमन सम्राट डोमिशियनने त्याच्याशी तह केला, तोही असा की पैसे आणि कारागीर रोमनेच पुरवायचे. ही नामुष्की रोमला झोंबली. ट्रेजनने १०१-१०२ आणि १०५-१०६ अशी दोन युद्धं केली. मधल्या काळात दमास्कसच्या अपोलोडोरस या स्थापत्यकाराकडून डॅन्यूबवर किलोमीटरभराहून लांब पूल बांधून घेतला. शेवटी हाती लागण्याआधी डेसिबलसने आपलाच गळा चिरला. त्याचं मुंडकं ट्रेजनपुढे नेणाऱ्या स्वाराच्या थडग्याचा दगड १९६५ मध्ये ग्रीसमध्ये सापडला. आपली ही कामगिरी त्याने त्यावर हौसेने कोरून घेतली आहे.

रोमन इतिहासकार युट्रोपियस लिहितो की युद्धांनी डेशियात पुरुषच उरले नव्हते, म्हणून ट्रेजनने साऱ्या साम्राज्यातून माणसं आणून वसवली. २७१ ते २७५ च्या सुमारास सम्राट ऑरेलियनने तो प्रांत सोडूनही दिला. डेशियन भाषेत लिहिलेला एक सलग मजकूर आज आपल्याकडे नाही. गावांची, माणसांची आणि काही वनस्पतींची नावं, बस. मग सतराशे वर्षांनी ‘आम्ही त्यांचेच’ म्हणायचं कशाच्या जोरावर?

क्लुजचा_पाहुणा

साफ असहमत. नोकरीनिमित्त मी रोमानियातल्या क्लुजला चार वर्षं काढली, म्हणून थोडं लांब लिहितो.

युट्रोपियसने हे लिहिलं ते युद्धानंतर अडीचशे वर्षांनी, आणि रोमचा सगळा इतिहास त्याला छोट्याशा पुस्तकात कोंबायचा होता. ‘पुरुष उरले नाहीत’ हे वाक्य विजेत्याच्या तोंडी शोभतं, पण ते शिरगणती म्हणून कसं वाचायचं? पुरुष उरले नव्हते तर रोमन सैन्यात डेशियनांच्या पलटणी कुठून आल्या? ब्रिटनमध्ये हेड्रियनच्या भिंतीवर बर्डोसवाल्ड नावाचा किल्ला आहे. तिसऱ्या शतकात तिथे ‘पहिली एलिया डेशियन’ पलटण होती. तिथल्या एका दगडावर त्यांची ती आत वळलेली तलवार, फाल्क्स, कोरलेली आहे. ट्रेजनच्या सैनिकांना शिरस्त्राणांवर जादा लोखंडी पट्ट्या ठोकून घ्यायला लावणारं हेच ते हत्यार.

आणि त्याच किल्ल्यावर एका लहान मुलाच्या थडग्यावर नाव आहे: डेसिबलस. राजा मरून शंभरेक वर्षं झालेली, घर हजारो मैल दूर, नोकरी त्याच रोमची. आणि बापाने पोराचं नाव ठेवलं ते त्या राजाचं. हे ‘संपले’ म्हणायचं का?

भाषेचंही तसंच. रोमानियन ही लॅटिनची लेक, मान्य. पण तिच्यात ‘ब्राद’ म्हणजे देवदारासारखं झाड, ‘वात्रा’ म्हणजे चूल, ‘व्हिएझुरे’ म्हणजे बिज्जू, असे शेकडाभर तरी शब्द आहेत जे लॅटिनचेही नाहीत आणि स्लाव्हही नाहीत. बघा कसले शब्द आहेत ते. चूल, झाड, जनावर. सरकारी भाषा बदलते, चुलीची इतक्या लवकर बदलत नाही.

तिरका_डोळा

थडग्याचं उदाहरण भारी आहे, मला माहीत नव्हतं. पण चूल तुमच्यावरच उलटते. यातले बरेच शब्द अल्बेनियनमध्येही सापडतात, ‘वात्रा’सकट. म्हणजे या लोकांचे पूर्वज अल्बेनियनांच्या शेजारी, डॅन्यूबच्या दक्षिणेला राहत होते असंही म्हणता येतं. रोएस्लर या ऑस्ट्रियन अभ्यासकाने १८७१ मध्ये नेमकं हेच म्हटलं होतं. शिवाय ऑरेलियनने माघार घेतल्यावर दक्षिणेला जो नवा प्रांत केला त्याचंही नाव डेशियाच ठेवलं. जमीन गेली, पाटी उचलून दुसरीकडे लावली! मध्ययुगात तर लॅटिन लिहिणारे डेन्मार्कलाही डेशिया म्हणायचे. ‘डेशियाचा बोएथियस’ हा तत्त्वज्ञ चक्क डेन होता.

क्लुजचा_पाहुणा

रोएस्लर निघणार हे ठाऊकच होतं. तो लिहीत होता तेव्हा ट्रान्सिल्व्हानिया (आजच्या रोमानियाचा भाग, क्लुज त्यातच) हंगेरीकडे होता, आणि ‘आधी कोण आलं’ हा प्रश्न तेव्हा ग्रंथालयातला नव्हता, सातबाऱ्याचा होता. आजही तिकडे जेवणाच्या टेबलावर हा विषय काढू नये. मी एकदा काढला. सूप गार झालं.

सोनारआळी

तुम्ही दोघं वंश आणि भाषा घेऊन बसलात, आणि मूळ मुद्दा राहिला बाजूला. सोनं!

नामुष्की वगैरे ठीक आहे, पण ट्रेजन तिकडे गेला त्याचं मोठं कारण डोंगरात पुरलेलं होतं. डिओ कॅसियस हा रोमन इतिहासकार सांगतो की डेसिबलसने सार्गेतिया नदीचा प्रवाह वळवून पात्रात खजिना पुरला, वरून पाणी पुन्हा सोडलं आणि हे काम करणारे कैदी मारून टाकले. बिसिलिस नावाचा त्याचा सोबती रोमनांच्या हाती लागला आणि त्याने जागा दाखवली. कार्कोपिनो या फ्रेंच इतिहासकाराने जुना अवाढव्य आकडा खाली आणून १६५ टन सोनं आणि ३३१ टन चांदी असा हिशेब मांडला. मला तोही फुगलेला वाटतो. पण लूट मोठी होती यात शंका नको. रोममध्ये १२३ दिवस खेळ चालले, दहा हजार ग्लॅडिएटर लढले, असं डिओच लिहितो. पाठोपाठ ट्रेजनची बाजारपेठ उभी राहिली, आणि ११३ मध्ये रोममध्येच ट्रेजनचा तो स्तंभ. दोनेकशे मीटरची कोरीव पट्टी वर गुंडाळत जाते आणि तिच्यावर हेच युद्ध. आज आपल्याला डेशियन माणसाचा चेहरा, दाढी, टोपी माहीत आहे ती याच स्तंभामुळे. लुटणाऱ्यानेच फोटो काढून ठेवले, असं समजा.

रोमानियातल्या रोशिया मोंताना गावाच्या रोमन खाणीत मेण लावलेल्या लाकडी पाट्या मिळाल्या आहेत, त्यांवर मजुरीचे करार, कर्जं, गुलामांची विक्री. तिथे राबायला एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या डाल्मेशियातून माणसं आणली होती. धागाकर्त्यांना हा मुद्दा वापरता येईल, फुकट देतो. २०१३ मध्ये त्याच गावातल्या नव्या सोन्याच्या खाणीविरुद्ध रोमानियात लोक रस्त्यावर उतरले होते. २०२१ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारशात घेतलं.

चोरी अजून थांबलेली नाही. सार्मिझेगेतुसाच्या जंगलात चोरट्यांनी सोन्याची वेटोळी कडी उकरून परदेशात विकली. साधारण किलोभराचं एकेक. सरकारने तेरा परत मिळवली, आणि त्यातली तीन जानेवारी २०२५ मध्ये नेदरलँड्समधल्या प्रदर्शनातून पुन्हा चोरीला गेली.

नाशिकचा_फिटर

गाडीबद्दल कोणीच नीट बोललं नाही म्हणून लिहितो. दाचियाचा कारखाना पितेश्तजवळ, १९६६ चा. पहिली गाडी १९६८ ची, म्हणजे रेनो ८. पुढच्या वर्षी १३००, ती रेनो १२. नाव डेशियन, इंजिन फ्रेंच. १९९९ मध्ये रेनोने कंपनीच घेतली आणि २००४ मध्ये लोगन आणली. तीच लोगन २००७ पासून आमच्या नाशिकला महिंद्रामध्ये बनू लागली, पुढे तिचीच व्हेरिटो झाली. डस्टरही मूळची दाचियाच, पण इकडे आली ती रेनोचा बिल्ला लावून. म्हणजे गाडी आपण वापरली, नाव मात्र आलंच नाही.

नावामागे राजकारण होतं यात मी धागाकर्त्यांच्या बाजूने. रोमानियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीने १९७४ मध्ये क्लुजला ‘नापोका’ हे जुनं नाव जोडलं. १९८० मध्ये बुरेबिस्टा या जुन्या डेशियन राजाच्या राज्याची २०५० वर्षं साजरी केली. तारीख कुठून काढली हे विचारायची सोय नव्हती.

क्लुजचा_पाहुणा

चाउशेस्कूचं समर्थन कोण करतंय? पण ‘ढोंग’ या शब्दावर माझा आक्षेप कायम. तिकडे त्रायान (म्हणजे ट्रेजन) आणि देचेबाल (म्हणजे डेसिबलस) दोन्ही नावं पोरांना ठेवतात. २००४ ते २०१४ राष्ट्राध्यक्ष होते ते त्रायान बासेस्कू. बुखारेस्टमध्ये देचेबालच्या नावाचा रस्ता आहे आणि त्रायानच्याही. भाषा एकाची आली, डोंगर दुसऱ्याचे होते. त्यातलं एक टाकून दे म्हटलं तर माणसाने काय टाकायचं?

तिरका_डोळा

गाडी आणि राष्ट्रगीत यांच्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण बर्डोसवाल्डच्या त्या पोरापुढे माझं काही चालत नाही. शीर्षकातला ‘संपले’ काढायला गेलो होतो. प्रतिसाद आल्यावर शीर्षक बदलता येत नाही म्हणे.