मदत हवी आहे: ट्रॅक्टर ऑइल खातोय, नुसत्या पिस्टनच्या रिंगा बदलून भागेल का?

द्राक्षबागेत फवारणीला १८ एचपीचा, तीन सिलिंडरचा जुना डिझेल ट्रॅक्टर आहे. थंडीत लवकर स्टार्ट होत नाही, लोडवर निळा धूर सोडतो, ब्रीदरमधूनही (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) भकाभका धूर येतो. एअर क्लीनर, इंजिनात डिझेल सोडणारे नोझल तपासून झाले. कंप्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) दोन सिलिंडरना २८ किलो, तिसऱ्याला १९. नोझलच्या भोकातून थोडं ऑइल सोडल्यावर तेच २५ वर गेलं, म्हणजे व्हॉल्व्हपेक्षा रिंगा आणि बोअरच (सिलिंडरची आतली भिंत) घासलेत असं वाटतं.

मिस्त्री म्हणतात, हेड आणि चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) उतरवून फक्त रिंगा टाकू. पण बोअर अंडाकार झाला असेल तर नव्या रिंगा बसणार कशा? डायल गेजने मोजल्यावर किती झीज असेल तर बोअरिंग करून (बोअर थोडा मोठा कापून) ओव्हरसाइज पिस्टन घालावेत? क्रँकची बेअरिंगंही तेव्हाच बदलावीत का? ऑक्टोबर छाटणीआधी काम उरकायचंय. ज्यांनी हे काम करून घेतलंय त्यांनी कृपया सांगा.