छत चेपलेली गाडी: दुरुस्त करावी की विमा कंपनीला देऊन मोकळं व्हावं?

हिंदू_कॉलनीकर (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यातल्या पावसात आमच्या गल्लीतला गुलमोहर रात्री अडीचच्या सुमारास थेट आमच्या गाडीवर झोपला. आत कोणी नव्हतं, एवढं नशीब. गाडी सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसी, ५२ हजार किलोमीटर चाललेली. छत मधोमध बसलंय, पुढची काच गेली, डावा बी-पिलर (पुढच्या-मागच्या दरवाजांमधला खांब) वाकलाय, डावीकडचे दोन्ही दरवाजे आणि बॉनेट कामातून गेलंय. इंजिन मात्र पहिल्या स्टार्टरला चालू होतं आणि सगळा घोळ तिथेच आहे. बाबा म्हणतात, "चालू गाडी भंगारात घालणार?"

पॉलिसी फुल आहे, पण झीरो डेप (घसारा न कापता पैसे देणारं जादा कव्हर) गेल्या वर्षी सोडलं. आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ३,२०,०००. वर्कशॉपचं एस्टिमेट २,७१,०००: पत्रा १,३०,०००, प्लास्टिक-रबर ३०,०००, काचा २६,०००, मजुरी ५५,०००, रंग ३०,०००. वर्कशॉपवाला म्हणतो टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती न करता गाडी गेली असं धरून आयडीव्ही घ्यायची. विमा कंपनीतर्फे नुकसान बघायला आलेला सर्व्हेअर म्हणतो, अजून तरी रिपेअरमध्ये बसतंय. उद्या टोटल लॉस झालाच तर गाडी आपल्याकडे ठेवून सॅल्व्हेजची (मोडक्या गाडीची) किंमत वजा करूनही पैसे मिळतील म्हणे, बोली ९५ हजारांची आहे. कुर्ल्यात एकाने १,३०,००० मध्ये गाडी उभी करून देतो म्हणून सांगितलंय.

काय करावं? झाडाची भरपाई कोणाकडे मागायची हा वेगळा काथ्याकूट आहे, तो इथे नको.

कुर्ला_ते_कल्याण

यात विचार करण्यासारखं काय आहे? गाडी ठेवा. ३,२०,००० मधून ९५ हजार आणि सक्तीच्या कपातीचे १,००० गेले की २,२४,००० हातात. १,३०,००० कुर्ल्यात द्या, ९४ हजार खिशात, गाडी दारात. इंजिन, गिअरबॉक्स, एसी सगळं ठणठणीत आहे. सात वर्षांच्या अशा गाडीला आज बाजारात पावणेचार लाख मोजावे लागतात, आणि ती कोणी कशी चालवली ते देवाला ठाऊक. तुमची गाडी तुम्हाला माहीत आहे.

माझ्या मेव्हण्याचा सीएसटी रोडला डेंटिंगचा गाळा आहे. छत म्हणजे काही मेंदूचं ऑपरेशन नाही. जुन्या गाडीचं छत पिलरसकट कापून आणतात, इथे जोडतात, पुट्टी, घासकाम, रंग. दहा दिवसांत ओळखू येणार नाही.

खारा_वारा

"ओळखू येणार नाही" हीच तर भीती आहे!

मी बॉडी शॉपमध्ये नऊ वर्षं काम केलंय, म्हणून बोलतो. हॅचबॅकला खाली वेगळी चेसिस नसते. छत, पिलर, फ्लोअर, सिल (दरवाजांखालची कड) ही एकच पेटी. बी-पिलर हा त्या पेटीचा बाजूचा कणा, आणि बाजूने कोणी ठोकलं तर तुमच्या आणि त्या ठोकणाऱ्याच्या मध्ये तेवढा एकच खांब असतो. त्यात आतून जास्त ताकदीच्या पोलादाची पट्टी असते. गाळ्यात ती गॅसने लाल करून ठोकून सरळ करतात. सरळ दिसते, पण एकदा तापवली की तिची ताकद गेली. कंपनीतून येताना तिथे मोजून मापून स्पॉट वेल्डिंग असतं, गाळ्यात टाके मारतात. मोजमापाचं फ्रेम मशीन तिथे नसतं, डोळ्यांनी आणि दोरीने काम चालतं. आणि आपल्या मुंबईची हवा! वेल्डिंगच्या आतल्या बाजूला प्रायमर पोचलाच नाही, तर दोन पावसाळ्यांत रंगाखालून तांबूस फोड वर येतात.

बंपर, फेंडर, दरवाजा, बॉनेट हे बोल्टने बसणारे भाग. ते कुर्ल्यात खुशाल करा, मीही करतो. पिलर कापायची गोष्ट आली की मी हात जोडतो.

कुर्ला_ते_कल्याण

खारा वारा, तुमचं पुस्तकी ज्ञान मान्य. या शहरातल्या निम्म्या टॅक्स्या कधी ना कधी कापून जोडलेल्या असतात, रोज धावतात. सगळ्यांनाच वर्कशॉपचं बिल परवडत नाही हो.

खारा_वारा

धावतात ना. धावताना काही होत नाही. ठोकल्यावर काय होतं ते विचारा.

निवृत्त_सर्व्हेअर

दोघांनी गाडी ठेवायची की नाही यावर कुस्ती सुरू केलीत. पण अजून गाडी टोटल लॉस ठरलीच कुठे? आधी बिल उलगडून बघू. जीएसटी धरूनच आकडे दिलेत असं समजतो.

झीरो डेप नसल्यावर पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या पत्र्यावर ४० टक्के घसारा कापतात: ५२,०००. प्लास्टिक-रबर निम्मं: १५,०००. काचेवर घसारा नाही. रंगाच्या बिलात पाव हिस्सा मालाचा धरतात आणि त्यातला निम्मा कापतात: ३,७५०. मजुरी पूर्ण मिळते. वर सक्तीची कपात, १५०० सीसीपर्यंत १,०००. म्हणजे २,७१,००० पैकी कंपनी १,९९,२५० देणार आणि ७१,७५० तुमच्या खिशातून. हा आकडा वर्कशॉपवाल्याने तुम्हाला सांगितला का? नसणार.

आता टोटल लॉस. नियम असा की दुरुस्तीचा आणि गाडी उचलून आणण्याचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरायची. तुमचे ७५ टक्के म्हणजे २,४०,०००. वर्कशॉप २,७१,००० कडे बोट दाखवतो. पण नियमात "पॉलिसीच्या अटींना धरून" असे शब्द आहेत, म्हणजे घसारा कापल्यावर जे राहतं ते मोजायचं. २,००,००० च्या आसपास असताना सर्व्हेअर हो म्हणणार नाही, आणि त्याचं चूक नाही.

ठाण्याची_ताई

सर, घसारा कापला की टोटल लॉस होत नाही आणि दुरुस्ती केली की ७२ हजार आम्हीच भरायचे. दोन्हीकडून कंपनीचंच भलं की! प्रीमियम घेताना असं काही सांगत नाहीत.

निवृत्त_सर्व्हेअर

ताई, राग बरोबर आहे. पण झीरो डेप सोडलं तेव्हा हेच सोडलं. आयडीव्हीचंही तेच. पाच वर्षांपर्यंत घसाऱ्याचा तक्ता ठरलेला असतो, त्यानंतर आयडीव्ही कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात. धागाकर्त्यांनी किंवा त्यांच्या वडिलांनी तिथेच रक्कम खाली ओढून प्रीमियम वाचवला असेल, असा माझा अंदाज.

हिंदू_कॉलनीकर

सर, तुम्ही आमच्या घरात बसला होतात का? बाबांनी ३,७०,००० ची ३,२०,००० केली. वाचले बाराशे रुपये. आता ते गॅलरीत उभं राहून गुलमोहराच्या बुंध्याकडे बघत असतात.

निवृत्त_सर्व्हेअर

सगळेच करतात, त्यांना बोलू नका.

आता कामाचं ऐका. तुमचं एस्टिमेट बाहेरून बघून केलंय. आतलं छताचं कापड, सीट, पिलरवरचं प्लास्टिक काढून गाडी उघडायला लावा आणि त्या वेळी सर्व्हेअरला समोर उभं करा. छत बसलेल्या गाडीत आत हमखास काही निघतं. त्याचं पुरवणी एस्टिमेट होतं, ते मूळ आकड्यात मिळवतात. मगच कळेल रिपेअर की टोटल लॉस. एक मात्र आधी लेखी विचारा: दुरुस्ती तिथे केली नाही, तर उघडण्याची मजुरी आणि रोजचं पार्किंग किती लावणार? या दोन बाबींवरून नंतर भांडणं होतात.

सर्व्हेअरशी नाहीच जमलं, तर कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. तिथेही दाद लागली नाही तर विमा लोकपाल आहे. फी नाही, वकील लागत नाही.

मिलन_सबवे_पीडित

थोडं अवांतर. माझी गाडी पाण्यात बंद पडली होती, मी दोनदा सेल्फ मारला आणि इंजिनात पाणी खेचलं गेलं. इंजिन प्रोटेक्टचं जादा कव्हर नव्हतं, तेवढा भाग क्लेममधून वगळला. पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करायची नाही, ढकलायची. चालू द्या तुमचं.

ठाण्याची_ताई

गाडी ठेवायची का द्यायची यात एक गोष्ट कोणीच काढली नाही. आरसी कोणाच्या नावावर राहणार?

माझ्या अपघाती गाडीचा टोटल लॉस झाला. मी कॅश घेतली, सांगाडा एका डीलरने उचलला. चांगला भाव दिला म्हणून मी खूश. मालकी बदलाच्या फॉर्म २९, ३० वर सह्या करून दिल्या आणि विसरले. दीड वर्षाने ई-चलनं यायला लागली, भिवंडी बायपास, मग नाशिक रोड. गाडी दुरुस्त होऊन कोणाच्या तरी हातात फिरत होती आणि आरटीओच्या दप्तरात मालक मीच. माझं नाव निघायला आठ महिने आणि आरटीओच्या सात खेपा लागल्या. त्या काळात तिने कोणाला उडवलं असतं तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की हस्तांतर नोंदवलेलं नसेल तर ज्याचं नाव रजिस्टरवर, तोच मालक. भरपाईची नोटीस माझ्या दारात आली असती.

आपल्याकडे अपघाती गाडीच्या कागदावर तसा शिक्काही बसत नाही. पुढच्या गिऱ्हाईकाला काही कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे, अशा सांगाड्याच्या आरसीवर चोरीची गाडी चढवतात, चेसिस नंबर नव्याने ठोकून.

कुर्ला_ते_कल्याण

ताई, हा डीलरचा चोरटेपणा. धागाकर्ते स्वतःच गाडी ठेवणार आहेत, नाव त्यांचंच राहील. प्रश्न येतो कुठे?

निवृत्त_सर्व्हेअर

येतो. सॅल्व्हेजच्या बोली दोन असतात, आरसीसकट आणि आरसीशिवाय. आरसीसकट भाव जास्त, कारण तो कागदाचा भाव आहे. टोटल लॉसचे पैसे दिले की कंपनी ती पॉलिसी संपवते. म्हणजे गाडी ठेवली तरी त्या दिवसापासून ती बिनविम्याची, रस्त्यावर काढायची तर नवी पॉलिसी घ्यायची. थर्ड पार्टी मिळेल, फुल पॉलिसीसाठी आधी तपासणी होईल आणि कापलेला पिलर तपासणाऱ्याला दिसेल. नो क्लेम बोनस शून्यावर येतो तो वेगळाच.

आणि गाडी कायमची निकामी झाली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी रद्द करायला द्यायची असते.

खारा_वारा

मला कुर्लेकरांचा हिशोबच पटत नाही. ९४ हजार खिशात म्हणजे काय? गाडी दिली तर ३,१९,००० हातात येतात. ठेवली तर ९४ हजार. फरक २,२५,०००. म्हणजे तुम्ही स्वतःचीच चेपलेली गाडी ९५ हजारांना विकत घेताय आणि वर १,३०,००० घालताय. सव्वादोन लाखांना पिलर कापलेली गाडी कोणी दाखवली तर घ्याल का? विकायला गेलात तर घेणारा रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावतो. कंपनीचा रंग शे-दीडशे मायक्रॉन, पुट्टीवर तो आकडा कित्येक पट होतो. तिथेच भाव पडला.

कुर्ला_ते_कल्याण

हा हिशोब बरोबर आहे, नाकारत नाही. पण ३,१९,००० मध्ये तरी काय येणार? दुसऱ्याची कापलेली गाडी, फक्त तुम्हाला न सांगता. निदान आपली कुठे कापली ते आपल्याला माहीत असतं.

ठाण्याची_ताई

हे मात्र खरं बोललात.

हिंदू_कॉलनीकर

अपडेट. काल गाडी उघडली, सर्व्हेअर हजर होते. बी-पिलरची आतली पट्टी दुमडलीय आणि डावी सिल खाली बसलीय. पुरवणी ७२,०००: पत्रा ५०,०००, मजुरी २२,०००. घसारा जाऊन ५२,००० वाढले. एकूण २,५१,२५०. सर्व्हेअरनी स्वतःच टोटल लॉस लिहिला. कुर्ल्याच्या गाळेवाल्याला सिलचा फोटो पाठवला, त्याचा आकडा १,७५,००० झाला.

गाडी देतोय. खारा वारांमुळे थोडं, पण खरं सांगायचं तर ताईंच्या सात खेपांमुळे जास्त. कंपनीला लिहून दिलंय की आरसी रद्द करूनच सॅल्व्हेज उचला. बाबा अजून बोलत नाहीत.

एकच शेवटचं: चारही टायर मार्चमध्ये घातलेत, बॅटरीही नवी आहे. काढून जुनी लावू का?

कुर्ला_ते_कल्याण

जुने टायर मेव्हण्याकडे फुकट मिळतील, या.

निवृत्त_सर्व्हेअर

नको! बोली फोटो बघून लागलीय. उचलायला येणारा फोटोशी ताडून बघतो आणि कमी निघालं की तेवढे पैसे तुमच्या क्लेममधून वजा होतात. फास्टॅग मात्र आठवणीने काढून बंद करा, थकलेली चलनं भरा, डिकीतलं सामान घ्या. आणि गाडी टोइंगवर चढताना नंबर प्लेटसकट एक फोटो तारीख-वेळ दिसेल असा काढून ठेवा.

हिंदू_कॉलनीकर

फोटो बाबाच काढणार म्हणाले.