रोजच्या जगण्यात देव दिसतो, की माणसाचं श्रेय आपण देवाला देऊन टाकतो?

धागाकर्ती: आषाढात आई बारा दिवस रुग्णालयात होती. गिळता येत नव्हतं, नाकातून नळी. तिसऱ्या रात्री मला खुर्चीतच डुलकी लागली. अडीचच्या सुमाराला जाग आली तर सिस्टर कापसाचा बोळा पाण्यात बुडवून, घट्ट पिळून आईच्या फुटलेल्या ओठांवरून फिरवत होत्या. "आजी, कोरड पडली ना?" असं विचारतही होत्या. आई काय उत्तर देणार! मला त्या क्षणी वाटलं, विठोबा तो हाच.

अरणच्या सावतोबांना कांद्या-मुळ्यात विठाई दिसली. ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, पांडुरंगच त्यांना भेटायला आला असं आपण मानतो. अजूनही पंढरपूरहून देवाची पालखी अरणला जाते. आज देव कुठे भेटला, हे मी आता रोज झोपताना आठवते. कधी फुगलेल्या भाकरीत, कधी बसमध्ये जागा देणाऱ्या पोरात. तुम्हाला असं होतं का?

रात्रपाळी: ताई, आई बऱ्या असोत. मी चौदा वर्षं हेच काम करते, म्हणून स्पष्ट लिहिते. तो बोळा पिळायचा कसा, हे आम्हाला शिकवलेलं असतं. पाणी जास्त राहिलं तर गिळता न येणाऱ्या माणसाच्या श्वासनलिकेत उतरतं. ही विद्या आहे आणि त्यामागे जागून काढलेल्या रात्री आहेत. आमच्या वॉर्डात रात्री तीस पेशंटना दोघी असतो. "देवासारख्या धावून आलात" म्हणत लोक हात जोडतात, पण तिसरी सिस्टर का नाही, हे कुणी विचारत नाही. देवाला कुठे पाय दुखतात? तुम्ही त्या बाईंचं नाव विचारलंत का?

मंगळवेढेकर: मला वेगळंच खुपतं. चोखोबा आमच्या मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत कोसळून गेले. त्यांची समाधी पंढरपुरात देवळाच्या पायरीशी आहे, म्हणजे बाहेरच. चराचरात विठ्ठल पाहणाऱ्यांच्या त्याच पंढरीत दलितांना देवळात पाऊल ठेवायला १९४७ साल उजाडलं, त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. कांद्यात दिसलेला देव शेजारच्या माणसात शतकानुशतकं दिसला नाही. म्हणून "मला देव दिसला" या वाक्यावर माझा चटकन विश्वास बसत नाही.

खराटा: मंगळवेढेकर, हा दोष दिसण्याचा नव्हे, सोयीपुरतं दिसण्याचा आहे. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत, कीर्तन रात्री. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, हाच त्यांचा देव. आणि सिस्टर, देव मानला की माणसाचं काम पुसलं जातं हे मला पटत नाही. माझे वडील एसटीत चालक होते. गाडी काढण्याआधी स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावायचे. पण त्याआधी ब्रेक आणि टायर स्वतः बघायचे, डेपोत तपासणी झालेली असली तरी. "आत चाळीस पांडुरंग बसणार आहेत," म्हणायचे. त्यांच्या हातून हयगय झाली नाही, ती त्या भावनेमुळेच.

रात्रपाळी: तुमच्या वडिलांना नमस्कार. पण फरक बघा. ते स्वतःच्या कामात देव पाहत होते, त्याने त्यांची जबाबदारी वाढली. दुसऱ्याच्या कामात देव पाहिला की बघणाऱ्यावर काहीच जबाबदारी येत नाही. माझं भांडण तेवढ्याशीच आहे.

धागाकर्ती: सिस्टर, तुमचा प्रश्न दिवसभर डोक्यातून गेला नाही. बारा दिवस मी त्यांना "सिस्टर, सिस्टर" म्हणत राहिले आणि नाव विचारलं नाही, याची लाज वाटते. दुपारी वॉर्डात फोन केला. त्या रात्री कोण होतं ते त्यांना आठवेना. मी तारीख आणि वेळ सांगितली, उद्या ड्युटीचा तक्ता बघून कळवतो म्हणाले. नाव कळलं की आईला घेऊनच जाणार आहे, ती आता काठीने चालते. रात्री तिथे किती जणी असतात, तेही विचारीन आणि लेखी देईन. त्या रात्री मला विठोबा दिसला, हे मात्र मागे घेत नाही.