हीटरचा हम: डीसी करायचा की एसीच नीट बांधायचा?

काचेतला_उजेड (धागाकर्ता)

गिटारचा ट्यूब अँप घुमायला लागला, म्हणजे हम आला, की हीटरबद्दल (ट्यूबच्या कॅथोडला, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला, तापवणारी तार) सल्ला ठरलेला असतो: "हीटर डीसीवर घ्या." मला हा सल्ला घाईचा वाटतो. ६.३ व्होल्ट एसी नीट बांधला तर बहुतेक अँपना डीसीची गरजच पडत नाही.

आधी हम कुठला ते ऐका. हीटरचा हम ५० हर्ट्झचा. फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतर (एसीचा डीसी करणाऱ्या भागानंतर) राहिलेला रिपल, म्हणजे व्होल्टेजचा चढउतार, १०० हर्ट्झचा, म्हणजे सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटच्या (९८ हर्ट्झ) आसपास. हीटरचा त्याच्या एक सप्तक खाली.

मग वायरिंग. हीटरच्या दोन्ही तारांना सेंटिमीटरला दोनेक पीळ, जोडी चॅसीच्या कोपऱ्यात दाबून न्यायची. ट्रान्सफॉर्मरपासून आधी पॉवर ट्यूब आणि सगळ्यात शेवटी व्ही१ (सिग्नल सगळ्यात आधी पोचतो ती ट्यूब). १२एएक्स७ (प्रीअँपची ट्यूब) ६.३ वर चालवताना पिन ४ आणि ५ एकत्र, दुसरी तार ९ वर. ग्रिडची (ट्यूबमध्ये सिग्नल शिरतो त्या टोकाची) तार हीटरला कधीच समांतर नको, ओलांडायचीच तर काटकोनात.

ट्रान्सफॉर्मरच्या हीटर वाइंडिंगला सेंटर टॅप (मधून काढलेली तार) नसेल तर दोन्ही बाजूंनी १००-१०० ओमचे अर्ध्या वॉटचे रेझिस्टर जोडून मधला बिंदू अर्थ करा. फेंडर ५एफ१ चॅम्पसारख्या जुन्या सर्किटमध्ये हीटरची एक बाजू थेट चॅसीला असते. ती आधी तोडायची. पायलट लॅम्पचा होल्डर गुपचूप चॅसीला टेकलेला असतो, तोही तपासा, नाहीतर एक १०० ओम शॉर्ट होतो आणि समतोल कधी येतच नाही.

तरीही हम राहिला तर हीटरचा व्होल्टेज अर्थपेक्षा वर उचला. ३५० व्होल्टच्या बी-प्लसवरून (ट्यूबच्या मुख्य डीसी पुरवठ्यावरून) २२० के (के म्हणजे किलोओम; २ वॉट) आणि ३३ के चा डिव्हायडर, ३३ के वर २२ मायक्रोफॅरड १०० व्होल्टचा कंडेन्सर. साधारण ४५ व्होल्ट मिळतात. मधला बिंदू अर्थऐवजी तिथे जोडायचा. हीटर कॅथोडपेक्षा पॉझिटिव्ह झाला की त्यातून कॅथोडकडे इलेक्ट्रॉन जाणं बंद होतं.

दोन_ट्रायोड

चॅम्पपुरतं मान्य. हाय-गेनला (सिग्नल खूप फुगवणाऱ्या अँपला) हे पुरत नाही.

मार्शलचा जेसीएम८०० २२०३ घ्या. पहिल्या स्टेजच्या कॅथोडला २.७ के आणि ०.६८ मायक्रोफॅरड. ५० हर्ट्झला तो कंडेन्सर सुमारे ४७०० ओमचा, म्हणजे हमच्या दृष्टीने नसल्यातच जमा. फेंडरचा २५ मायक्रोफॅरड तिथे १२७ ओमचा असतो आणि गळती अर्थला ओढून घेतो. २२०३ मध्ये त्यापुढच्या स्टेजच्या कॅथोडला १० के, बायपास कंडेन्सरच नाही. हीटरकडून कॅथोडला जे गळेल ते या रेझिस्टरवर उमटतं आणि पुढचा गेन ते फुगवतो.

तुमचे ४५ व्होल्ट गळती थांबवतील. पण सॉकेटवर आणि ट्यूबच्या आत हीटरकडून ग्रिडला कपॅसिटन्समधून जे जातं, त्याचं काय? शिवाय पीसीबीवरच्या ट्रॅकना पीळ कसा घालणार? तिथे व्ही१ आणि व्ही२ ला डीसीच हवा.

काचेतला_उजेड

पीसीबीचा मुद्दा बरोबर. पण २२०३ स्वतः एसी हीटरवरच चालतो, हे विसरू नका. आणि डीसी फुकट नाही. दोन १२एएक्स७ म्हणजे ०.६ अँपिअर डीसी, त्यासाठी वाइंडिंगमधून एक अँपिअरच्या वर एसी जातो. कंडेन्सर चार्ज होताना करंट टोकदार धक्क्यांत येतो. त्याची अर्थ चुकीच्या जागी गेली की ५० हर्ट्झ जाऊन १०० हर्ट्झची चरचर येते, आणि ती कानाला जास्त बोचते. वर ७८०६ (६ व्होल्टचा रेग्युलेटर) लावणारे असतात. त्याला दोन व्होल्ट वर लागतात, ६.३ च्या वाइंडिंगवर ते उरतच नाहीत.

दोन_ट्रायोड

रेग्युलेटर हवाय कुणाला? शॉट्की डायोडचा ब्रिज (चार डायोडचा रेक्टिफायर), १०,००० मायक्रोफॅरड, मग २.२ ओम ५ वॉट, मग पुन्हा १०,००० (दोन्ही १६ व्होल्टचे). पहिल्या कंडेन्सरवर रिपल ०.६ व्होल्टच्या आत, दुसऱ्यावर पन्नासेक मिलिव्होल्टच्या आत. लोड लावून मोजा आणि ६.३ येईपर्यंत रेझिस्टर बदला. ब्रिजपासून पहिल्या कंडेन्सरपर्यंतच्या दोन्ही तारा आखूड ठेवा, अर्थ दुसऱ्या कंडेन्सरच्या निगेटिव्हवरून एकच न्या. म्हणजे तुमची चरचर येणार नाही.

एक मात्र कटाक्षाने पाळा: वाइंडिंगचा सेंटर टॅप अर्थ असताना ब्रिजचा निगेटिव्हही अर्थ केला तर अर्धं वाइंडिंग डायोडमधून शॉर्ट होतं. एकच काहीतरी अर्थ करायचं. शक्य असेल तर डीसीला वेगळं वाइंडिंगच घ्या.

सोल्डर_६०_४०

दोघेही उपायावर भांडताय. हम हीटरचाच आहे हे आधी सिद्ध करा की!

इमर्जन्सी लाइटमधली ६ व्होल्टची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते. अँप बंद करून प्लग काढा, फिल्टर कंडेन्सर रिकामे करून मीटरने खात्री करा. व्ही१ च्या हीटरच्या दोन्ही तारा सोडवून इन्सुलेट करा, त्या जागी बॅटरी, निगेटिव्ह अर्थला. १२एएक्स७ ०.३ अँपिअरच खातो. हम गेला, तर दोन_ट्रायोड यांचा डीसी करा किंवा व्ही१ बदलून पाहा. नाही गेला, तर निदान व्ही१ चा हीटर निर्दोष. मग व्ही२ वर हेच करा, नाहीतर अर्थचा लूप शोधा. तिथे डीसीवर खर्च करून काही हाती लागणार नाही.

काचेतला_उजेड

ही चाचणी मला पूर्ण मान्य. त्यात एक भर: हीटरचा व्होल्टेज लोडवर मोजा. २२० व्होल्टच्या प्रायमरीला २४५ मिळाले की ६.३ चे ७ होतात, १० टक्क्यांच्या वर. दोन ईएल३४ (पॉवर ट्यूब) आणि तीन १२एएक्स७ मिळून ३.९ अँपिअर घेतात, तिथे दोन्ही तारांत ०.१-०.१ ओम ५ वॉटचे रेझिस्टर घाला, ७ चे ६.२ होतील. एकाच तारेत घालू नका, समतोल बिघडतो.

दोन_ट्रायोड

याला हरकत नाही. पण १० के च्या त्या स्टेजला मी डीसीच देणार.