मदत हवी आहे: बागेचं नूतनीकरण होतंय, व्हीलचेअरसाठी नेमकं काय मागायचं?

नमस्कार. माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, व्हीलचेअर वापरते. घरापासून पाच मिनिटांवर सार्वजनिक बाग आहे आणि पुढच्या महिन्यात तिथे काम सुरू होणार आहे. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला भांडायचं नाहीये, काम करून घ्यायचंय. तिथल्या अभियंत्यांनी सांगितलं, "काय हवं ते लेखी द्या, अंदाजपत्रकात बसतंय का बघू." हातात आठ दिवस आहेत. एकदा पेव्हर ब्लॉक बसले की पुढची कित्येक वर्षं तिथे कोणी हात लावणार नाही.

आज काय होतं ते सांगते. मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून फाटकात नागमोडी पाइप लावलेत. शिवणाची टेप नेऊन मोजलं, वाट ६२ सेंटिमीटर आहे. आमची खुर्ची ६४. त्या दोन सेंटिमीटरसाठी लेकीला कडेवर घ्यायचं आणि खुर्ची उचलून पाइपांवरून पलीकडे ठेवायची. ती आता १९ किलोंची आहे, खुर्ची १६ किलोंची. नवरा बरोबर असेल तरच जमतं, म्हणजे फक्त रविवारी.

खेळण्यांची जागा तीन पायऱ्या वर आहे. मागच्या कामात शेजारी रॅम्प केला, पण तो इतका उभा आहे की चढवताना खुर्ची मागे कलते आणि उतरवताना मला उलटं चालत यावं लागतं. वर पोचलो की वाळू. पुढची छोटी चाकं रुतली की संपलं. मग ती कडेला थांबते आणि धाकटा झोक्यावर बसतो. गेल्या रविवारी म्हणाली, "आई, मी इथूनच त्याचे झोके मोजते." शंभरपर्यंत मोजले.

फाटक आणि रॅम्पची मापं काय लिहू? वाळूऐवजी काय मागू? तिला बसता येईल असा झोका कोणता? आणि "हे ऐच्छिक आहे" असं उत्तर आलं तर पुढे काय?

प्रतिसाद:
ताई, मी वास्तुविशारद आहे. आधी रॅम्प. उतार १:१२ हवा, म्हणजे एक सेंटिमीटर उंचीला बारा सेंटिमीटर लांबी. तीन पायऱ्या मिळून ४५ सेंटिमीटर धरल्या तर रॅम्प ५.४ मीटर लांब होतो. तुमचा दोन मीटरच्या आसपास असणार, जागा वाचवायला असंच करतात. दोन्ही बाजूंना कठडा आणि वर-खाली खुर्ची वळेल अशी दीड मीटर सपाट जागा, हेही लिहा. त्याहून सोपं म्हणजे नव्या कामात खेळण्यांची जागाच जमिनीच्या पातळीवर आणा. मग रॅम्पच लागत नाही.

फाटकाला किमान ९० सेंटिमीटर मोकळी वाट मागा. पण एक अडचण आत्ताच सांगतो: जिथून खुर्ची जाते तिथून मोटारसायकलही जाते, खांब कसेही रोवा. म्हणून शेजारी कडी असलेलं वेगळं फाटक मागा, बाग उघडी असेपर्यंत त्याला कुलूप नको. हे लिहून घेतलं नाही तर पहिल्याच आठवड्यात कुलूप लागतं.

वाळू सगळी काढू नका, मुलांना ती आवडते. फाटकापासून झोक्यापर्यंत जागेवर ओतलेल्या रबराचा सलग पट्टा मागा. रबराच्या सुट्या लाद्यांच्या कडा उचलल्या जातात आणि चाक अडकतं. वर सावली हवीच, उन्हात रबर फार तापतं. थोडी वाळू उंच टेबलावर, खाली गुडघे जातील अशी ठेवली तर तिलाही खेळता येईल.

प्रतिसाद:
मी बेंगळुरूत राहतो, माझा मुलगाही खुर्चीवर आहे. इथे किलीकिली ही पालकांनी सुरू केलेली संस्था बऱ्याच वर्षांपासून सर्व मुलांना खेळता येईल अशा बागांसाठी काम करते. झोक्याबद्दल सांगतो. खुर्चीसकट चढवायचा झोका ऐकायला छान वाटतो, पण त्याचा फळा जड असतो. समोरून दुसरं मूल आलं तर जोरात लागतं, त्यामुळे त्याला कुंपण येतं आणि पुढे कुलूप. त्यापेक्षा उंच पाठीची, पट्टे असलेली बैठक मागा आणि शेजारी टोपलीसारखा मोठा गोल झोका. त्यात तुमची दोन्ही मुलं एकत्र मावतील.

कायद्याचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येतच मनोरंजनाची ठिकाणं येतात. कलम ४५ नुसार जुन्या जागा सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षं होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. ऐच्छिक म्हणाले तर सर्वोच्च न्यायालयाचा ८ नोव्हेंबर २०२४ चा निकाल जोडा. सुगमतेची मानकं नुसती शिफारस म्हणून ठेवणारा नियम न्यायालयाने कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीची मानकं वेगळी काढायला केंद्राला तीन महिने दिले. महाराष्ट्रातली तक्रार पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाते. पण आधी पत्र द्या आणि पोच घ्या.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. पातळीच जमिनीला आणायची, हे मला सुचलंच नव्हतं. आज परत जाऊन पायऱ्या मोजल्या, ४६ सेंटिमीटर. रॅम्प १.९ मीटर. पत्रात आधी ही मापं घालते, मग मागण्या. लेकीच्या थेरपी केंद्रातल्या आणखी दोन आया सह्या देणार आहेत. बागेच्या रखवालदारकाकांशीही बोलले. ते म्हणाले, "वेगळं फाटक करा, मी उघडं ठेवतो, पण संध्याकाळी सहानंतर माझी ड्युटी संपते." आम्ही जातो ते सहानंतरच. तेव्हा त्या वेळेचं काय करायचं, कुणाच्या बागेत तोडगा निघाला असेल तर सांगा. पत्र सोमवारी देतेय.